‘शेतकरी’ या बिरुदाची चिकित्सा : रावसाहेब दानवे यांच्या चरित्राची साधने

ज्या पुरुषाचे चरित्र अद्याप पुरे झालेले नाही, त्याची चर्चा इतिहाससंशोधनास वाहिलेल्या या पृष्ठांत का करावी, असा प्रश्न काही वाचक करतील. त्याचे उत्तर सोपे आहे. चरित्र पुरे होण्याची वाट पाहात बसले म्हणजे कागद नाहीसे होतात आणि कथा तेवढी उरते. पेशवाईतील बहुतेक मुत्सद्द्यांविषयी आपल्या वाट्यास हाच अनुभव आलेला आहे. तेव्हा जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातून निघून दिल्लीच्या मंत्रिमंडळात जाऊन बसलेले रावसाहेब दादाराव दानवे यांच्या चरित्राची जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांची प्रत लावून ठेवणे हे संशोधकाचेच काम होय. राजकीय पक्षाची बाजू घेणे अगर खोडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रश्न एवढाच की, ‘शेतकरी ते केंद्रीय मंत्री’ हे जे सूत्र त्यांच्या नावामागे सर्वत्र लावले जाते, ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे?

प्रथम निर्विवाद भाग सांगून टाकतो. दानवे यांचा जन्म १८ मार्च १९५५ रोजी, भोकरदन तालुक्यातील जवखेडा येथील शेतकरी घराण्यात झाला. गावचे सरपंचपद हे त्यांचे पहिले पद. १९९० व १९९५ साली ते भोकरदनमधून विधानसभेवर निवडून आले. १९९९, २००४, २००९, २०१४ व २०१९ अशा सलग पाच निवडणुकांत त्यांनी जालना मतदारसंघ लोकसभेत राखला. २०१४ च्या मे महिन्यात ते ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण या खात्याचे राज्यमंत्री झाले. २०१५ पासून २०१९ पर्यंत भारतीय जनता पक्षाचे महाराष्ट्र प्रदेशाध्यक्ष होते. २०१९ साली पुन्हा त्याच खात्यात गेले, व जुलै २०२१ पासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत रेल्वे, कोळसा व खाणी या खात्यांचे राज्यमंत्री होते. २०२४ साली काँग्रेसचे कल्याण काळे यांनी त्यांचा पराभव केला. ही झाली शकावली. परंतु शकावली म्हणजे चरित्र नव्हे; खांब उभे केले म्हणजे घर झाले असे कोणी म्हणत नाही.

या शकावलीतही पुढील काळच्या संशोधकास चकवतील अशी तीन स्थळे आहेत. पहिले नावाचे. ‘रावसाहेब’ हा इंग्रजी अमदानीत सरकारने दिलेला किताब होता. मराठवाड्यात मात्र ते बारशालाच ठेवलेले नाव असते. शंभर वर्षांनी एखादा सुटा कागद हाती आला आणि त्यावर नुसते ‘रावसाहेब’ आढळले, तर तो किताब समजून भलताच पुरुष शोधीत बसण्याचा संभव आहे. दुसरे आडनावाचे. याच मतदारसंघातून १९७७ साली जनता पक्षातर्फे व १९८९ साली भारतीय जनता पक्षातर्फे पुंडलिक हरि दानवे निवडून आले होते. आडनाव एक, मतदारसंघ एक, आणि १९८९ पासून पक्षही एक. पण पुरुष दोन. ‘खासदार दानवे’ एवढाच उल्लेख असलेला कागद कालाच्या आधारावाचून कोणा एकाच्या पदरी घालणे हे शास्त्रास सोडून होईल. तिसरे स्थलाचे. दानवे जन्मले तेव्हा जालना जिल्हाच अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. १९५५ साली भोकरदन हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी मोडले. शिवाय जालना जिल्हा व जालना मतदारसंघ ही एक वस्तू नव्हे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर पैठण, फुलंब्री व सिल्लोड हे शेजारच्या जिल्ह्यातील विभाग या मतदारसंघात आहेत, आणि परतूर व घनसावंगी हे जालना जिल्ह्यातील विभाग परभणीच्या मतदारसंघात आहेत. जिल्ह्याची पीकपाहणी घेऊन मतदारसंघाचा निकाल समजावू पाहणाऱ्याने हे आधी ध्यानी घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. प्रचलित चरित्रपर मजकुराचे उगम चार : संसदेच्या सदस्यपरिचयातील टिपण, निवडणुकीची प्रचारपत्रके, वृत्तपत्रांतील लेख, आणि उमेदवारीसोबतची शपथपत्रे. यांपैकी सदस्यपरिचय सरकारी छापाचा असल्यामुळे तो अव्वल पुरावा समजण्याची प्रवृत्ती दिसते. ती चुकीची आहे. सदस्यपरिचयातील मजकूर सभासदाने स्वतः पुरविलेल्या माहितीवरून तयार होतो. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर तो करीना होय. वतनाच्या तंट्यात वादी आपल्या घराण्याची हकीकत स्वतः लिहून देत असे. ती खोटीच असे असे नाही, पण ती त्याच्या सोयीची असे, आणि प्रतिवादीचा करीना व गोतसभेचा महजर पाहिल्यावाचून कोणी जाणता मनुष्य तिजवर निवाडा करीत नसे. शपथपत्राची प्रत याहून वरची. २००३ पासून प्रत्येक उमेदवारास आपली मिळकत, जमीनजुमला, कर्ज व खटले प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागतात. खोटे लिहिल्यास कायद्याचा बडगा आहे. एकाच पुरुषाची २००४, २००९, २०१४, २०१९ व २०२४ ही पाच शपथपत्रे ओळीने मांडली, तर वीस वर्षांत जमिनीचा व इतर मिळकतीचा परस्परांशी संबंध कसा पालटला हे त्याच्याच सहीनिशी कळते. हे साधन पेशवे दप्तरातील रुमालाइतके मोलाचे आहे. पण चरित्रकार ते उघडीत नाहीत, आणि उघडले तर एकट्या शेवटच्या वर्षाचे उघडून आकडा तेवढा उचलतात.

‘शेतकरी’ या एका शब्दाखाली वस्तुतः तीन निरनिराळे दावे दडलेले असतात. पहिला दावा कुळाचा : अमुक मनुष्य शेतकऱ्याच्या पोटी जन्मला. दुसरा वहिवाटीचा : त्याने स्वतः जमीन कसली, तिच्या उत्पन्नावर गुजराण केली. तिसरा वकिलीचा : तो शेतकऱ्यांच्या वतीने बोलण्यास अधिकारी आहे. तिन्हींचा पुरावा निराळा. पहिल्यास गावचे जुने कागद, दुसऱ्यास पीकपाहणी, तिसऱ्यास सार्वजनिक कृत्ये. प्रचलित लेखनाचा मुख्य दोष हा की, त्यात पहिल्या दाव्याच्या बळावर तिसरा सिद्ध झाला असे गृहीत धरले जाते, आणि दुसऱ्याकडे कोणी पाहातच नाही. अनुकूल लेखक म्हणतो, हा शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून शेतकऱ्यांचा कैवारी. प्रतिकूल लेखक म्हणतो, हा शेतकऱ्यांविरुद्ध बोलला, म्हणून शेतकरी नव्हेच. दोघांचीही तर्काची वाट एकच आहे. फक्त चालण्याची दिशा उलट.

हा घोटाळा नवा नाही. महादजी शिंदे हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या पाटीलकीतून वर आलेले हे घराणे. १७८४ साली बादशहाकडून पेशव्यांस वकील-इ-मुतलकीचे पद मिळाले व महादजी त्यांचे नायब म्हणून दिल्लीच्या सत्तेचे धनी झाले. तरी ते आपणांस पाटील म्हणवीत आणि लोक त्यांस पाटीलबाबा म्हणत. १७९२ साली पुण्यास आल्यावर त्यांनी सवाई माधवरावांसमोर जोडे हाती घेऊन नम्रता दाखविल्याची कथा मालकम व ग्रँट डफ यांच्या ग्रंथांतून घरोघर पोहोचली आहे. इंग्रज लेखकांनी या पाटीलपणात केवळ कावा पाहिला. आमच्याकडील काहींनी केवळ साधेपणा पाहिला. वतनाचे कागद पाहणाऱ्यास तिसरीच गोष्ट दिसते. महादजींनी ठिकठिकाणच्या पाटीलक्या विकत घेतल्या होत्या. म्हणजे पाटीलकी ही त्यांस नुसती मिरवण्याची वस्तू नसून ज्यावर राजकारण उभे राहते अशी जमिनीवरील पकड होती. बिरुद खरे की खोटे हा प्रश्नच चुकीचा. बिरुद कशाच्या आधारावर चालत होते हा प्रश्न बरोबर. आणि ज्या भूमीविषयी आपण बोलत आहो, त्या भूमीशी या घराण्याचा संबंध निकटचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणेच्या काठी असईस दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला, आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरच्या सुर्जी अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराखालील जालन्याचा मुलूख शिंद्यांच्या हातून गेला. त्यानंतर हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामशाहीत राहिला.

निजामशाहीचा हा दीर्घ काळच दानवे यांच्या, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही शेतकरी पुढाऱ्याच्या, चरित्रसाधनांचे स्वरूप ठरवितो. येथील गावची जमाबंदी मोगलाई वळणाची. जुने कागद मोडी, फारसी व पुढे उर्दू अशा तीन लिप्याभाषांत वाटलेले. काळ फसली सनात. फसलीत साधारणपणे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. गावात माली पाटील व पोलीस पाटील असे दोन पाटील असत, त्यामुळे ‘पाटलाचे घर’ या शब्दाने कोणते घर हे सांगावे लागते. हैदराबाद मुक्त झाल्यावर १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली कूळवहिवाटीचा कायदा झाला, आणि १९५४-५५ च्या सुमारास खासरा पाहणी होऊन कोणाच्या कबजात कोणता तुकडा आहे याची गाववार नोंद झाली. मराठवाड्यातील जमिनीच्या वादात आजही वकील हेच पत्रक काढून आणतात. दानवे यांचा जन्म याच पाहणीच्या वेळचा. म्हणजे त्यांच्या कुळाच्या शेतीविषयी ज्यास खरे काही लिहावयाचे असेल, त्याने सेतवार, खासरा पत्रक, त्यापुढील सातबारा व फेरफार हा क्रम लावावा. ‘गरीब शेतकरी कुटुंब’ हे विशेषण त्या कागदांतून निघाले तर चरित्रात यावे. प्रचारपत्रकातून निघाले असेल तर अवतरणचिन्हांत यावे.

दुसरे एक साधन १९७२ च्या दुष्काळाचे. त्या वर्षी दानवे सतरा वर्षांचे होते. खडी फोडण्याच्या आणि नालाबांधाच्या कामावर मराठवाड्याची गावेच्या गावे उभी होती. त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना निघाली व १९७७ साली तिचा कायदा झाला. या कामांचे हजेरीपट म्हणजे त्या पिढीच्या शेतकऱ्यांचा नावनिशीवार इतिहास होय. मराठवाड्यात १९८० नंतर पुढे आलेल्या ग्रामीण पुढाऱ्यांची सगळी पिढी या दुष्काळाच्या आगेमागे वयात आली. तिची भाषा, सरकारकडून असलेली तिची अपेक्षा, ‘काम आणणे’ हीच पुढारीपणाची कसोटी मानण्याची तिची वृत्ती, यांचा उगम तेथे शोधावा असे आम्हांस वाटते. सरपंचाच्या कारकीर्दीचे प्रोसिडिंग बुक, सोसायटीच्या कर्जखतावण्या, पंचायत समितीचे ठराव ही त्याच साखळीची पुढील कडी. सिपोरा बाजार येथील रामेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत दानवे यांचा पुढाकार होता. कोरडवाहू भागात ऊस व साखर आणणारा पुढारी कोणत्या शेतकऱ्याची बाजू घेतो, विहिरीवाल्याची की बिनपाण्याची, हे त्या कारखान्याच्या सभासदयादीवरून व ऊसनोंदीवरून जितके कळेल, तितके शंभर भाषणांवरून कळणार नाही.

आता तिसरा दावा, वकिलीचा. येथे पदांची यादी पूर्णपणे अपुरी पडते. कारण यादीत पद येते, कृत्य येत नाही. दानवे ज्या खात्यात दोनदा होते ते खाते कृषी नव्हे, ग्राहक व्यवहार व अन्न हे होय. हा भेद क्षुल्लक नाही. धान्य, डाळ, कांदा महाग झाला की त्याचा बोभाटा या खात्याच्या दारी येतो. भाव उतरविणे हे त्याचे कर्तव्य. शेतकऱ्याचा मुलगा खाणाऱ्याच्या खात्यात बसला, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण स्थिती आहे. तिचा अव्वल कागदही उपलब्ध आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आवश्यक वस्तू कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत दानवे यांनी मांडले. बागायती मालाचा भाव शंभर टक्के, अगर नाश न पावणाऱ्या धान्याचा पन्नास टक्के चढल्याखेरीज साठ्यावर मर्यादा घालू नये, असा त्याचा आशय होता. ज्या तीन कृषी कायद्यांवरून दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन चालले त्यांपैकी हा एक. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या अंमलास स्थगिती दिली व नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते रद्द केले.

या विधेयकास दोन तोंडे आहेत. साठ्याची बंदी उठली तर व्यापारी अधिक माल घेईल व शेतकऱ्यास भाव येईल, ही एक बाजू. साठेबाजाच्या हाती बाजार जाईल, ही दुसरी. कोणती खरी याचा निवाडा अर्थशास्त्रज्ञांनी करावा. चरित्रकाराचे काम एवढेच की, या प्रसंगी लोकसभेच्या कामकाजात जे छापले गेले ते समग्र घ्यावे. कारण वकिलीचा दावा ज्यावर तपासता येईल असा सहीशिक्क्याचा कागद याहून मोठा त्यांच्या चरित्रात दुसरा नाही. असे असता लेखक काय उचलतात? मे २०१७ मध्ये, तुरीचे पीक अमाप येऊन भाव कोसळले असता, पक्षकार्यकर्त्यांपुढे बोलताना तक्रार करणाऱ्या शेतकऱ्यांविषयी त्यांच्या तोंडून गेलेला अपशब्द. आणि डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या आंदोलनामागे चीन व पाकिस्तान असल्याचे त्यांचे विधान. दोन्ही घडलेल्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. त्या वगळणारे चरित्र लबाड ठरेल. परंतु मुद्रित ध्वनीचा तुकडा हा आदिअंत तुटलेल्या पत्रासारखा असतो. वरचा मायना व खालची मिती गेलेले पत्र आपण टाकून देत नाही, पण त्यावर एकट्यावर निवाडाही देत नाही. त्याचे स्थळ, काळ व प्रसंग लावून घेतो. त्या वर्षी तुरीचा हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या होत्या, हे सांगितल्यावाचून तो शब्द किती झोंबला हे वाचकास कळणार नाही. म्हणजे संदर्भ देण्याने बोलणाऱ्याचा बचावच होतो असे नाही. कित्येकदा दोष अधिक स्पष्ट होतो.

राहिला महजर, म्हणजे मतदारांचा कौल. २००९ साली दानवे ८,४८२ मतांनी निवडून आले, तेव्हा समोर काळेच होते. २०१९ साली विलास औताडे यांच्यावर त्यांचे आधिक्य ३,३२,८१५ होते. २०२४ साली काळे यांनी त्यांस १,०९,९५८ मतांनी हरविले. पंधरा वर्षांत शेतकरी हे बिरुद बदलले नाही, कौल मात्र एवढा हेलावला. यावरून बिरुदाने निवडणुका जिंकल्या हे विधान जसे पडते, तसेच शेतकऱ्यांनी बिरुद काढून घेतले हे विधानही पडते. २०२४ च्या कौलात सोयाबीन व कापसाचे भाव होते, तशीच जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर पेटलेली मराठा आरक्षणाची चळवळही होती. गोतसभा ‘हे वतन अमुकाचे’ एवढे सांगते. प्रत्येक गोताच्या मनात काय होते हे महजरावरून निघत नाही.

येणेप्रमाणे आमचे मत असे : दानवे यांच्या चरित्रात कुळाचा दावा मान्य, वहिवाटीचा दावा कागदांनी भरावयाचा, व वकिलीचा दावा वादग्रस्त, आणि वाद मिटविण्याचे साधन भाषणांत नसून संसदेच्या कामकाजात, कारखान्याच्या नोंदीत व शपथपत्रांत आहे. आजवरच्या लेखनात पहिल्यावरून तिसऱ्यावर जी उडी मारली गेली आहे, तीमुळे ते चरित्र न राहता बखर झाले आहे. बखरही टाकाऊ नसते. लोकांस आपला पुढारी कसा हवा होता हे तीच सांगते. पण तिला बखर म्हणूनच वाचावे.

शेवटी संग्राहकांस एक विनंती. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहुत व सांची येथील शिलालेखांत येथील दात्यांची नावे आहेत, व १९७०-८० च्या दशकातील उत्खननात सापडलेली येथील हस्तिदंती पुतळी पाँपेईच्या पुतळीशी ताडून पाहिली जाते. त्या मातीतील मणी आणि खापर वेचण्यास आपण दुरून जातो. पण त्याच गावच्या चावडीतील वाळवी लागलेले खासरा पत्रक, सोसायटीचे फाटके खतावणी-पुस्तक, रद्दीत निघालेली प्रचारपत्रके व हजेरीपट यांकडे पाहात नाही, कारण ते जुने नाहीत. शिंद्यांच्या पाटीलक्यांची खरेदीखतेही एके काळी जुनी नव्हती. कोणी तरी ती रद्दी जपली, म्हणून महादजींचा पाटीलपणा आज कथेपलीकडे जाऊन तपासता येतो. जवखेड्याच्या शेतकऱ्याविषयी, व मराठवाड्यातून दिल्लीस गेलेल्या त्याच्यासारख्या इतरांविषयी, आपल्या नातवंडांस तीच सोय राहावी असे वाटत असेल, तर दप्तर बांधण्याची वेळ आजची आहे.